चार डोळ्यांची बटणं

३ तारीख, मंगळवार

आली! माझी भिंगरी घरी आली! एकवीस दिवसांनी. तिचा बाप तिला कडेवर घेऊन जिना चढत होता आणि ती त्याच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे बघत होती. मी धापा टाकत मागून. तिसऱ्या मजल्यावर म्हणाली, "आजी, तू म्हातारी झालीस." एकवीस दिवसांत पहिलं सरळ वाक्य, आणि तेही माझ्या वयावर! मी तिथेच पायरीवर बसून हसले. रडले पण थोडी. दोन्ही एकदमच येतं हल्ली.

ही वही सूनबाईने दिली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. म्हणाली, "आई, ह्यात रोज चारच गोष्टी लिहायच्या. ताप किती, औषध किती वाजता, काय खाल्लं, शी-शू झाली का. बाकी काही नको हं." माझी पाल्हाळ लावायची सवय तिला पुरती ठाऊक आहे. बरं. पुढच्या बाजूने तिच्या चार गोष्टी लिहीन. पण मी काय केलं, वही उलटी धरली आणि मागच्या पानापासून हे माझं सुरू केलं. चौथी शिकलेल्या बाईला काय, वही कुठूनही सुरू होते. शिवाय माझं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेला मुंगळा. कोणी वाचायची भीती नाही.

तर भिंगरी. वय साडेचार. पायाला चाकं म्हणून भिंगरी. गेल्या महिन्यात ताप आला, मग बडबडायला लागली, मग झटका. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढून आम्हा तिघांना समजावलं. डॉक्टरीणबाई म्हणजे पांढरे केस, पायात कापडी बूट, कोटाच्या खिशात बिस्किटांचा पुडा. बोलता बोलता खातात. म्हणाल्या, ओठावर फोड आणणारा एक विषाणू असतो. बहुतेकांच्या अंगात तो आयुष्यभर एखाद्या मज्जातंतूपाशी झोपून असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. लाखात एखाद्याच्या बाबतीत तो मज्जातंतूवरून चढत मेंदूत जातो. का, ते अजून नीट कळलेलं नाही. मग मेंदूतल्या राखणदार पेशी आरडाओरडा करतात, आणि एरवी ज्यांना तिथे फारशी वाट नसते त्या रक्तातल्या पेशी आत घुसतात. कुठली पेशी विषाणूने नासवली ते हुडकतात आणि तिला मोडीत काढतात.

मी म्हटलं, "म्हणजे चेकर."

सव्वीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात धागे कापले. शिवणाऱ्या बायका एका रांगेत, शेवटी आम्ही धागे कापणाऱ्या, आणि त्याच्याही पुढे उजेडाच्या टेबलावर चेकर. शर्ट उलटा-सुलटा करायची, डाग दिसला की लाल चिठ्ठी लावून नापासांच्या पेटीत. चेकर चांगली तर कारखाना चांगला. डॉक्टरीणबाई खूप हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच. माझ्या विद्यार्थ्यांना शिकवताना आता हेच सांगेन." तेव्हापासून मी चेकरआजी.

पाठीत सुई खुपसली तेव्हा पोरीने माझं बोट असं धरलं होतं की नख काळं पडलं. तेव्हाच मी तिच्या कानात शब्द दिला, एकदा घरी गेलीस की पुन्हा इथे कुणाला आणू देणार नाही.

ताप ९८. पुढे लिहिलंय.

४ तारीख, बुधवार

सकाळी लेक लिफ्ट दुरुस्तीला गेला, सूनबाई चष्म्याच्या दुकानात. एकवीस दिवसांची रजा खाऊन झाली, आता दोघांना कोण सोडतंय. जाताना सूनबाईच्या सतरा सूचना. "आई, पंखा जोरात नको. आई, टीव्ही नको. आई, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन." अगं, मी तुझा नवरा वाढवला, तो काय पंख्याखाली वाढला?

बटणांचा डबा काढला. कारखान्यातून निवृत्त होताना इतर बायकांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं, मी उरलेली बटणं मागितली. भिंगरी भोकांना डोळे म्हणते. चार डोळ्यांची बटणं, दोन डोळ्यांची बटणं. आमचा खेळ असा: मी चार डोळ्यांची नऊ मांडायची, मध्येच दोन डोळ्यांचं एक घुसडायचं. तिने तेवढंच एक उचलून ओरडायचं, "नापास!" आज तीन वेळा खेळली. तिन्ही वेळा बरोबर. आजारात माझ्या चेकरची नजर गेली नाही, जितं मया!

पण एक गोष्ट आहे. ती पुढच्या बाजूला लिहायची नाही. माझ्या ओठावर थंडीत फोड येतो. लहानपणापासून. मी त्याला साय लावते आणि विसरते. आणि ही पोर जन्मल्यापासून हिचे मुके कुणी घेतले? मीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कुणाकडून आला ते सांगता येत नाही, विचारूही नका. मी विचारलंच नाही. पण आज तिचा गाल पुढे आला तेव्हा मी कपाळाला हात लावला नुसता.

ताप नाही. अंडं खाल्लं, अर्धं केळं.

७ तारीख, शनिवार

पोरगी काय हुशार झालीय! पहाटे चारलाच टक्क जागी. दोन दिवस झाले. मी उठून बसले की ही पण बसते. मी म्हटलं, आजीला सोबत हवी म्हणून देवाने झोप काढून घेतली हिची. दुपारी पण झोपत नाही. दमत कशी नाही कोण जाणे.

आणि तोंडात सारखं काहीतरी चघळते. मला वाटलं बटण! जीव उडाला. तोंड उघडून बोट फिरवलं तर काही नाही. रिकामंच चघळते, रवंथ करणाऱ्या गायीसारखी. लेक लहानपणी दुपट्याचं टोक चघळायचा, बापाचं पोरीत आलं. गाल असे हलतात की मला हसूच येतं.

लेक रात्री जेवताना म्हणाला, "आई, ही गप्प नाही वाटत तुला?" मी म्हटलं, "दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात असतोस, मग तुला घर गप्पच वाटणार." तो हसला. माझ्यापुढे बोलायची प्राज्ञा नाही त्याची.

ताप ९८. छान.

९ तारीख, सोमवार

भिंगरीचे हात बघावेत! डावा हात सारखा चालतो. बोटं अशी नाचतात जणू पेटी वाजवतेय, मग मनगट वळतं, मग पुन्हा बोटं. मी म्हटलं, "काय गं, वादक होणार का टायपिस्ट?" ती काही बोलली नाही. हात धरला की थांबतो, सोडला की सुरू. मी धरूनच ठेवला. बसल्या बसल्या माझाही हात नाचायला लागला.

संध्याकाळी सूनबाई चपला काढायच्या आत, "आज काय काय बोलली?"

मी म्हटलं, "पुष्कळ."

"म्हणजे काय काय?"

"अगं, पुष्कळ म्हणजे पुष्कळ. आता काय टेप लावून ठेवू?"

खरं म्हणजे दोन शब्द. सकाळी "आजी", दुपारी "नको". पण मी विचारलं, दूध हवं ना? तिने पाहिलं. मीच म्हटलं, हो हवं. मी म्हटलं, बाहेर बघायचं? तिने पाहिलं. मीच म्हटलं, हो चला. असं धरलं तर दिवसभर बोलणं झालंच की. हिला हिशेब द्यायचा म्हणजे. दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि स्वतःच्या पोरीकडे बघायला हिला वेळ नाही. भिंतीवरची बारकी अक्षरं वाचायला लावते लोकांना. जरा पोरीचा चेहरा वाच म्हणावं.

लिहून टाकलं. बरं वाटलं.

ताप ९८. सगळं छान.

११ तारीख, बुधवार

आज चावली. मी केस विंचरत होते. एकदम वळली आणि मनगटाला कडाडून. मग हसली. ते हसू मला आवडलं नाही. नंतर मला बिलगली आणि थरथरत होती, म्हणजे तिलाही वाईट वाटलं असणार. एकवीस दिवस सुया टोचल्यावर कुणीही चावेल. मीही चावले असते, आधी त्या सुईवाल्याला.

सूनबाईने भांडी घासताना मनगट पाहिलं. "हे काय झालं, आई?"

"कपाटाच्या दारात सापडला हात."

"दाराला दात आहेत का?"

"तुझ्या नवऱ्याने बसवलंय ते. असतीलही."

ती हसली नाही. चष्मा पुसत उभी राहिली. म्हणाली, "दाखवून आणू या का एकदा?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बोलावलंच आहे ना? उगाच पोरीला कशाला..." तिने मान हलवली. तिलाही नकोच असेल तिथे परत जायला.

मी उगाच उठते, बसते. गॅस बंद आहे का बघते. दार लावलंय का बघते. काही शोधत असल्यासारखं होतं आणि काय ते आठवत नाही.

ताप नाही. सगळं छान.

१२ तारीख, गुरुवार

ताप ९८. आज बाकी काही लिहीत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

खालच्या मजल्यावरचे पोस्टमन वर आले होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अजून सगळ्या इमारतीची खबर घरपोच करतात. भिंगरी त्यांना 'टपाल' म्हणते. खिशातून गोळी काढून म्हणाले, "ओळख पाहू, कुठल्या खिशात?" तिने त्यांच्याकडे पाहिलं, जसं भिंतीकडे पाहावं. डावा हात चालूच.

जिन्यापर्यंत मी सोडायला गेले तर हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका. पोर मला ओळखत नाही."

"आठ वर्षांत तुमचा चेहरा तुम्हाला तरी ओळखू येतो का?"

"चेष्टा नका करू. मी चाळीस वर्षं दारं वाजवली. घरात माणूस आहे की नाही ते मला कळतं."

मी दार लावून घेतलं. काय पण उपमा! पोर डोळ्यासमोर बसलीय आणि म्हणे घरात माणूस नाही.

पण मग मी डबा काढला. चार डोळ्यांची नऊ मांडली, दोन डोळ्यांचं एक मध्ये. म्हटलं, "चेकरबाई, बघा." तिने बराच वेळ पाहिलं. मग हाताने सगळीच्या सगळी ढकलून दिली. दहाही. पुन्हा मांडली. पुन्हा सगळी. मी म्हटलं, "सगळीच नापास? अशा चेकरला आमचे साहेब ठेवायचे नाहीत हं." ती चघळत राहिली.

पलंगाखालून आठ सापडली. दोन अजून नाहीत. शोधते उद्या.

पुढच्या बाजूला काय लिहू? लिहिलं, सगळं छान. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

१६ तारीख, सोमवार

हॉस्पिटल. लोखंडी खुर्ची. गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय. हात थांबत नाही म्हणून लिहितेय.

काल रविवार, दोघं घरी. जेवायला बसलो आणि भिंगरीचा डावा हात आखडला, डोळे वर गेले. झटका. लेकाने उचललं, सूनबाई एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात दुसरीच घालून जिना उतरली. मी पिशवी घेतली. का घेतली माहीत नाही, पिशवीत वही होती.

इथे आधी तरुण डॉक्टर. म्हणाला, "विषाणू परत उठला असणार. तेच औषध पुन्हा सुरू करू." मग डॉक्टरीणबाई आल्या. रविवारच्या, घरच्या कपड्यात. भिंगरीचा हात धरला, सोडला, तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मला तसं वाटत नाही. हे विषाणूचं काम नाही वाटत, आपल्याच पेशींचं वाटतंय." दोघं आमच्यासमोरच बोलायला लागले. मला जेवढं कळलं ते असं: विषाणू परत आला असेल तर पेशींची ताकद वाढलेली हवी. पण पेशीच चवताळल्या असतील तर त्यांना आवरायला हवं. एकाचं औषध दुसऱ्याला मारक. पाठीतलं पाणी तपासायला घेतलं, पण पेशींचा तो खास रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस. तोवर थांबायचं का?

डॉक्टरीणबाई वळल्या. "मला सांगा, कधीपासून? आज एकदम, की हळूहळू? ताप होता? आधी झोप गेली, की आधी बोलणं?"

लेक म्हणाला, "आज एकदमच."

सूनबाई म्हणाली, "मला वाटत होतं काहीतरी... आईंनी रोज लिहिलंय. आई, वही?"

दिली. डॉक्टरीणबाईंनी पुढची पानं उलटली. ताप ९८, सगळं छान. ताप ९८, सगळं छान. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आजी, हे खरं आहे?"

मला सांगता येत नाही तेव्हा काय झालं. आमच्या कारखान्यात एकदा ग्रीसचे डाग पडलेला लॉट आला होता, निळ्या बटणांच्या शर्टांचा. तो पास केला म्हणून साहेबांनी नव्या चेकरला अशी झापली की तिने पुढे चार दिवस निळं बटण दिसलं की नापास, डाग असो नसो. चारशे चांगले शर्ट पेटीत. आणि मी बाजूलाच बसून सगळं बघत होते, धागे कापत. बोलले नाही. माझं काम धागे कापायचं. त्या पोरीची नोकरी गेली. हे मला तिथे, त्या क्षणाला का आठवलं?

मी वही घेतली, उलटी केली आणि सूनबाईच्या हातात दिली. म्हटलं, "इकडून वाच. माझं अक्षर तुलाच लागेल."

दिवसभर बारकी अक्षरं वाचणारी बाई ती. घडाघडा वाचायला लागली, उभ्यानेच. पायरीवर म्हातारी म्हणाली ते. बटणं. मग पहाटे चारला टक्क जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा, तारीख?" "सात, दोन दिवस झाले म्हणतायत." त्यांनी बिस्किटाच्या कागदावर लिहिलं. मग चघळणं. मग डावा हात. मी म्हटलं, "तिथलं पुढचं सोड." तिने सोडलं नाही. "दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि स्वतःच्या पोरीकडे बघायला हिला वेळ नाही." तशीच वाचली, सगळ्यांसमोर, एक शब्द न गाळता. तरुण डॉक्टर छताकडे बघायला लागला. माझा लेक भिंतीकडे. मला वाटलं फरशी दुभंगावी.

मग दोन शब्द. मग दाराचे दात. मग टपाल. मग दहाही बटणं.

"आणि ताप एकदाही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज मोजलाय. आधी झोप, मग तोंड, मग हात, मग बोलणं, मग माणसं. घरी आल्यापासून पायरी पायरीने." त्या तरुण डॉक्टराला म्हणाल्या, "हा क्रम बघ. विषाणूचं औषध चालूच राहू दे, पाण्याचा पहिला रिपोर्ट येईपर्यंत. पण पेशींना आवरायचं औषध आज. आत्ता."

ते गेले. मी सूनबाईला म्हटलं, "शिव्या दे मला. मी लपवलं. मी तिला शब्द दिला होता, परत आणू देणार नाही म्हणून."

ती वही चाळतच होती. चार तारखेचं पान परत काढलं. घाईत वाचताना तेवढं तिने गाळलं होतं, माझ्या ओठाचं. आता हळू वाचलं. मग म्हणाली, "आई, फोड मलाही येतो. दर परीक्षेला यायचा, आता पाळीच्या आधी येतो. डॉक्टरीणबाईंनी ते चित्र काढून सांगितलं, त्या दिवसापासून मी हिचा एक मुका घेतलेला नाही. मला वाटलं तुम्हाला कळलंय. म्हणून तुम्ही माझ्यावर चिडता."

दोघी बसलो मग. चपला वेगवेगळ्या होत्या तिच्या, ते मला तेव्हा दिसलं. एक माझी होती.

१८ तारीख, बुधवार

पाण्याचा पहिला रिपोर्ट आला. विषाणू नाही. म्हणजे पेशींनी त्याला केव्हाच मारला होता. आपलं काम चोख केलं आणि मग थांबायचं विसरल्या.

डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी लोखंडी खुर्चीवर बसल्या. मी बिस्कीट घेतलं, त्यांनीही घेतलं. म्हणाल्या, लढाईत मेंदूतल्या पेशी फुटल्या, आतलं बाहेर पडलं. पहाऱ्यावरच्या पेशींनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, हाही विषाणूचाच माल. म्हणून त्याच्यासारखं जिथे जिथे दिसतं तिथे आता जाऊन चिकटतायत, चांगल्या पेशींवर. मेंदूत निरोप स्वीकारायच्या ज्या बारीक जागा असतात ना, त्यांवर.

मी म्हटलं, "निळं बटण." आणि त्यांना तो सगळा लॉट सांगितला.

त्यांनी चघळणं थांबवलं. "त्या चारशे शर्टांचं काय झालं हो?"

"काय व्हायचंय? फाडले थोडेच. पेटीत पडले होते टेबलाखाली. दुसरी चेकर आली, चिठ्ठ्या काढल्या, इस्त्री करून पाठवले."

"मग तेच," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा त्या जागा मरत नाहीत, झाकल्या जातात. शब्द गेलेले नाहीत तिचे. मी वचन देत नाही, आजी. काही पोरं पूर्ण येतात, काही थोडी कमी. वेळ लागतो."

वचन देत नाही म्हणाल्या ते मला आवडलं. मी देत सुटते.

भिंगरी डोळे उघडे ठेवून पडलीय. हात बांधलाय मऊ कापडाने, नळी काढते म्हणून. मी खिडकीपासून दारापर्यंत जाते आणि येते. सिस्टर म्हणाली, "आजी, फरशी झिजेल." मी म्हटलं, "झिजू दे, नवी घाला."

२४ तारीख, मंगळवार

तो खास रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं तेच. औषध नऊ दिवसांपूर्वीच सुरू झालेलं. रिपोर्टची वाट बघितली असती तर आज सुरू झालं असतं. तरुण डॉक्टर मुद्दाम येऊन म्हणाला, "आजी, वही जपून ठेवा." मी म्हटलं, "तुम्ही छत छान बघता." लाजला.

काल पोर सलग पाच तास झोपली. मी उठून उठून नाकापुढे बोट धरलं.

बोलत नाही. एकही शब्द नाही. पुढच्या बाजूला आज तेच लिहिलं: एकही शब्द नाही. सूनबाई आता दोन्ही बाजू वाचते. मागच्या बाजूलाही बारीक पेन्सिलीने कुठे कुठे लिहून ठेवते. नऊ तारखेच्या त्या टोमण्यापाशी लिहिलंय, "आज चेहरा वाचला. डावी भुवई हलली."

५ तारीख, रविवार

सकाळी आठची वेळ. लेक बटणांचा डबा घेऊन आला. मीच सांगितलं होतं, पण तो आणल्यावर मला नको वाटायला लागलं. ह्या खोलीतलं पहिलंच मांडणं, आणि तिने पुन्हा सगळी ढकलली तर? मी डबा मांडीवर धरून बसले. सूनबाई म्हणाली, "आई, मांडा. नाहीतर मी मांडते, आणि मला तुमच्यासारखी सरळ ओळ येत नाही."

हा टोमणा होता. चांगला होता.

पलंगावरच्या सरकत्या टेबलावर मांडली. चार डोळ्यांची नऊ. पाचव्या जागी दोन डोळ्यांचं एक, पांढरंच, रंगावरून कळायला नको म्हणून. तिचा डावा हात परवापासून शांत आहे.

मी म्हटलं, "चेकरबाई."

ती बघत राहिली. इतका वेळ की लेक खोकला आणि सूनबाईने त्याच्या पायावर पाय दिला. भिंगरीचं बोट पहिल्या बटणावर आलं. थांबलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. मला वाटलं, झालं, आता सगळी जाणार. चौथ्यावरून पुढे गेलं. पाचव्यावर टेकलं, आणि तिथेच राहिलं. मग तिने ते चिमटीत धरून उचललं, माझ्या पदरात टाकलं, आणि ओठ हलले. आवाज असा की दार किलकिलं व्हावं तसा.

"नापास."

सूनबाईने तिच्या गालावर मुका घेतला. एकदा, मग दुसऱ्या गालावर. मग बाजूला सरकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुम्ही."

टेबलावर बाकीची नऊ होती. त्यांना तिने हातही लावला नव्हता.